अपंगांचा रोजगार व महामारी

अपंगांचा रोजगार व महामारी : शारीरिक, ज्ञानेंद्रियविषयक, बौद्धिक वा मानसिक व्यंगामुळे ज्यांना कामधंदा मिळविण्यात व टिकविण्यात अडथळा येतो, अशा व्यक्तींच्या उपजीविकेवर साथीच्या रोगांचा होणारा परिणाम हा सामाजिक इतिहासाचा एक दुर्लक्षित विषय होय. प्रस्तुत नोंदीत २०२०–२२ मधील कोविड–१९ या जागतिक महामारीच्या काळातील भारतीय, विशेषतः महाराष्ट्रातील, अपंगांची बेकारी व त्यांचा कामाचा शोध यांचा मुख्यत्वे विचार केला आहे. तुलनेसाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माहितीही घेतली आहे. कारण अपंगांच्या बेकारीचे नियमित आकडे तेथे २००८ पासून उपलब्ध आहेत. मराठीत दीर्घकाळ रूढ असलेल्या ‘अपंग’ या संज्ञेऐवजी आता शासकीय व्यवहारात ‘दिव्यांग’ ही संज्ञा वापरली जाते. महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्थापन केलेल्या स्वतंत्र विभागाचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असेच आहे.

साथीचा रोग, अपंगत्व व कामधंदा यांचा संबंध जुना आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेगचा उद्‌भव झाल्यानंतर ब्रिटिश शासनाने १८९७ मध्ये साथरोग अधिनियम केला. त्याच्या पाठोपाठ १८९८ मध्ये कुष्ठरोग्यांविषयीचा अधिनियम आला. त्यानुसार कुष्ठरोग्यांना खाद्यपेये तयार करून विकण्यास, भाड्याची वाहने हाकण्यास आणि शासन जाहीर करील ते इतर धंदे करण्यास मनाई करता येत असे. म्हणजे संसर्गाच्या भीतीने धंदाच काढून घेण्याची ही कायदेशीर व्यवस्था होती. ती २०१६ मध्ये रद्द झाली. १८९७ चा अधिनियम मात्र कायम राहिला व मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्याच्याच आधारे कोविडविषयक नियम जारी केले. याखेरीज साथी स्वतःच अपंगत्व निर्माण करतात. विसाव्या शतकात पोलिओने लक्षावधी मुलांना पंगू केले. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. अर्थात त्यापूर्वी पोलिओ झालेली पिढी २०२० मध्ये कामाच्या वयात होती.

अपंगांना काम मिळवून देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, ही कल्पना प्रथम युद्धांमुळे दृढ झाली. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतलेल्या सैनिकांसाठी पाश्चात्त्य देशांत व्यवसाय-पुनर्वसनाच्या योजना निघाल्या. ब्रिटनमध्ये १९४४ च्या अधिनियमाने वीस वा अधिक कामगार असलेल्या मालकांवर तीन टक्के अपंग कामगार घेण्याचे बंधन घातले. त्याच अधिनियमाखाली उद्वाहन चालविणे व मोटारतळावर देखरेख ठेवणे हे दोन व्यवसाय अपंगांसाठी राखून ठेवण्यात आले होते. अपंगाकडून समाज कोणत्या कामाची अपेक्षा करीत होता, हे या निवडीवरून कळून येते. भारतात अपंगांसाठीचे पहिले विशेष सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत निघाले व १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद येथे व्यवसाय-पुनर्वसन केंद्रे सुरू झाली. केंद्र शासनाने १९७७ मध्ये ‘क’ व ‘ड’ वर्गांच्या नोकऱ्यांत तीन टक्के जागा राखून ठेवल्या. पुढे १९९५ च्या अधिनियमाने या आरक्षणाला वैधानिक आधार दिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने आरक्षण चार टक्क्यांवर नेले, अपंगत्वाचे मान्य प्रकार सातांवरून एकवीस केले आणि आपत्तीच्या काळात अपंगांना समान संरक्षण देण्याची जबाबदारीही शासनावर टाकली.

महामारीपूर्वीची स्थिती समजून घेताना एक विसंगती प्रथमदर्शनीच डोळ्यांत भरते. भारतात २०११ च्या जनगणनेत २·६८ कोटी व महाराष्ट्रात सु. २९·६ लाख अपंगांची नोंद झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जुलै–डिसेंबर २०१८ मधील फेरीनुसार पंधरा वर्षे व त्यांवरील अपंगांत बेकारीचे प्रमाण ४·२ टक्के होते. त्याच सुमारास, २०१८–१९ मध्ये, देशातील एकूण बेकारी ५·८ टक्के होती. हे आकडे शेजारी ठेवून पाहिले, तर अपंगांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती, असा निष्कर्ष निघेल. याचा उलगडा बेकारीच्या व्याख्येत आहे. काम नाही आणि जो काम शोधत आहे, त्यालाच बेकार म्हणतात. शंभर प्रौढ अपंगांपैकी सु. २४ जणच काम करणाऱ्या वा शोधणाऱ्या वर्गात मोडत होते, त्यांपैकी सु. २३ जणांना काम होते व एक जण ते शोधत होता. उरलेले ७६ जण बेकारांच्या हिशेबात येतच नव्हते. पंधरा वर्षांवरील एकूण लोकसंख्येत श्रमशक्तीतील सहभाग ५०·२ टक्के, म्हणजे दुपटीहून अधिक होता. यावरून अपंगांच्या बाबतीत बेकारीचा दर हे फसवे माप ठरते. वारंवार नकार मिळाल्यावर माणूस शोध सोडतो आणि शोध सोडला की आकड्यातून वगळला जातो. महामारीने ही प्रक्रिया एका रात्रीत घडवून आणली.

देशव्यापी टाळेबंदी २५ मार्च २०२० पासून लागू झाली. मुंबईतील उपनगरी गाड्या त्याआधीच, २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून, बंद झाल्या होत्या. मुंबई परिसरातील अपंगांच्या दृष्टीने या गाड्यांचे महत्त्व केवळ प्रवासापुरते नाही. अनेक अंध विक्रेते गाडीच्या डब्यांतून फिरून कंगवे, रुमाल, किल्ल्यांच्या साखळ्या, पारपत्रांची पाकिटे, खडूपेन्सिली असा किरकोळ माल विकतात. या धंद्याला दुकान लागत नाही, भांडवल थोडे लागते, स्थानकांचा क्रम ठरलेला असतो आणि गिऱ्हाईक स्वतःच विक्रेत्याभोवती दाटीवाटीने उभे असते. दृष्टीवाचून करता येण्याजोगा हा व्यवसाय शहराच्या रचनेतून आपोआप घडत गेला. त्यांच्यापैकी काही जण पूर्वी सार्वजनिक दूरध्वनी केंद्रे चालवीत. ही केंद्रे वाटताना अपंगांना प्राधान्य दिले जाई व १९९० च्या दशकात स्थानकाबाहेरील पिवळ्या पाटीची दूरध्वनीची टपरी हे अपंगांच्या स्वावलंबनाचे नित्याचे दृश्य होते. भ्रमणध्वनी सर्वांच्या हाती आल्यावर तो धंदा काही वर्षांतच संपला. एकाच तंत्रावर वा एकाच जागेवर टांगलेली उपजीविका किती ठिसूळ असते, याचा हा पहिला अनुभव म्हणता येईल. दुसरा २०२० मध्ये आला.

उपनगरी गाड्या १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाल्या. पुढे अपंग व कर्करोगाचे रुग्ण यांनाही प्रवासाची मुभा मिळाली; परंतु डबे रिकामे असता विक्रेत्याला नुसता प्रवास करून लाभ नव्हता. सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१ पासून परवानगी मिळाली, तीही सकाळी सातपूर्वी, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. विक्रीचे खरे तास नेमके यांच्या मधले होत. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गाड्या सर्वसामान्यांना पुन्हा बंद झाल्या आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस लोटलेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. त्यामुळे लस, रेल्वेचा पास व पोटाची भाकरी ही एकाच साखळीची कडी बनली. लशीसाठी नाव नोंदविण्याची संगणकीय व्यवस्था अंधांना सुलभ नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात शासनाचे लक्ष वेधले होते. घरी जाऊन अपंगांना लस देण्याचे केंद्र शासनाचे धोरण सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाले.

या विक्रेत्यांना मदत का पोहोचली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. रेल्वे अधिनियम, १९८९ अनुसार गाडीत परवान्यावाचून विक्री करणे हा गुन्हा आहे. पथविक्रेत्यांना दहा हजार रुपयांपर्यंतचे खेळते भांडवल देणारी केंद्र शासनाची योजना जून २०२० मध्ये सुरू झाली. परंतु ती नागरी स्थानिक संस्थांनी नोंदलेल्या किंवा शिफारस केलेल्या विक्रेत्यांसाठी होती. लोहमार्गाच्या हद्दीत विकणारा माणूस या नोंदीत सहसा नसे. ज्याचा धंदा कायद्याला मान्य नव्हता, त्याचा धंदा बुडाला हेही मग कायद्याला मान्य करता येईना. अमेरिकेतील तुलनात्मक उदाहरण येथे उद्‌बोधक आहे. तेथे १९३६ च्या एका अधिनियमाने संघराज्य शासनाच्या इमारतींत उपाहारगृहे व विक्रीकेंद्रे चालविण्यात अंधांना अग्रक्रम दिलेला आहे. महामारीत कार्यालये ओस पडल्यामुळे हे विक्रेतेही बुडाले. पण ते नोंदलेले असल्याने डिसेंबर २०२० मध्ये त्यांच्या साहाय्यासाठी दोन कोटी डॉलरची तरतूद होऊ शकली.

स्पर्शावर अवलंबून असणाऱ्या व्यवसायांची स्थिती याहून बिकट झाली. अंगमर्दन हा पूर्व आशियात अंधांचा परंपरागत व्यवसाय आहे. जपानमध्ये सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने सूचिचिकित्सा व मर्दन यांचे शिक्षण अंधांसाठी पद्धतशीरपणे सुरू केले. दक्षिण कोरियात मर्दनाचा व्यवसाय दृष्टिहीनांसाठीच राखून ठेवणारी तरतूद तेथील संविधान न्यायालयाने २००८ मध्ये वैध ठरविली. शतकानुशतके सुरक्षित मानला गेलेला हा आश्रय शारीरिक अंतराच्या नियमापुढे निरुपयोगी ठरला. भारतातही अंधांना मर्दन व भौतिकोपचार यांचे प्रशिक्षण देण्यात येते. रोजच्या व्यवहारातही हीच अडचण होती. अंध व्यक्ती वाटाड्याचा कोपर धरून चालते, जिन्याचा कठडा चाचपते, वस्तू हाताने ओळखते. सहा फुटांचे अंतर पाळणारा सहप्रवासी तिला रस्ता ओलांडून देण्यास पुढे येईना. कर्णबधिरांना मुखपट्टीमुळे ओष्ठवाचन अशक्य झाले. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या संरक्षित कार्यशाळा बंद पडल्या. पणत्या, मेणबत्त्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या यांची त्यांची विक्री दिवाळीपूर्वी शाळा व कार्यालये यांतील प्रदर्शनांवर अवलंबून असते आणि २०२० च्या दिवाळीत ती ठिकाणेच बंद होती. कार्यशाळेतील मोबदला अल्प असला, तरी रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडण्याचे ते एकमेव निमित्त असते. ते नाहीसे झाल्याचा परिणाम पैशांत मोजता येत नाही.

याउलट, कार्यालयीन कामाच्या बाबतीत महामारीने एक जुना वाद अनपेक्षितपणे निकालात काढला. घरून काम करू द्यावे, ही मागणी गंभीर अस्थिव्यंग, दीर्घकालीन आजार वा वेदना असलेले कर्मचारी कित्येक वर्षे करीत होते. अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक अधिनियमाखाली मालकाने अपंग कर्मचाऱ्यास रास्त सोय करून दिली पाहिजे, असा नियम आहे. तथापि मोटारी तयार करणाऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात तेथील एका संघीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये, कामाच्या ठिकाणी नियमित हजर राहणे हा बहुतेक नोकऱ्यांचा आवश्यक भाग आहे, असे मत देऊन कर्मचारी स्त्रीची घरून काम करण्याची मागणी अमान्य केली. पाच वर्षांनी जगभरच्या कार्यालयांनी आपले कर्मचारी काही दिवसांत घरी पाठविले व कामे चालू राहिली. भारतात दूरध्वनीवरून ग्राहकसेवा देणाऱ्या कंपन्यांना कर्मचाऱ्यास घरून काम देण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी व अनामत यांची अट होती. ती मार्च २०२० मध्ये शिथिल झाली व नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी बव्हंशी काढून टाकली. जिन्यावरून चढता न येणाऱ्या पदवीधराला जे काम काल दुर्गम होते, ते आज त्याच्या खोलीत आले. अडथळा व्यक्तीच्या शरीरात किती व कामाच्या मांडणीत किती, या प्रश्नाचे इतके मोठे प्रात्यक्षिक पूर्वी झाले नव्हते. जी सवलत अपंगांसाठी अशक्य म्हणून नाकारली जात होती, ती धडधाकटांना गरज पडताच शक्य झाली, ही गोष्ट अपंगांच्या संघटनांनी वारंवार बोलून दाखविली आणि ती नाकारता येण्यासारखी नाही.

मात्र या लाभाची व्याप्ती मर्यादित होती. भारतातील अपंगांपैकी बहुसंख्य ग्रामीण भागात राहतात. त्यांच्यात शेतमजुरी, घरगुती उद्योग व किरकोळ विक्री ही कामे प्रमुख आहेत आणि ती घरून होत नाहीत. संगणकावर काम करणाऱ्या अंधांनाही पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली लागते. कार्यालयाने दिलेला संगणक तेथेच राहिला असेल, तर घरून कामाची मुभा कागदोपत्रीच राहते. चित्ररूप बैठकांत कर्णबधिरांना सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा उपशीर्षके असल्याखेरीज भाग घेता येत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांपैकी अपंगांना महामारीच्या निरनिराळ्या टप्प्यांत कार्यालयातील उपस्थितीपासून सूट देण्यात आली होती. परंतु सूट देणे सोपे असते, काम पोहोचविणे अवघड असते.

कामाच्या शोधाची वाट तर अनेक बाजूंनी अडली. आरक्षणाचा लाभ घेण्यासाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते देणारी मंडळे प्रामुख्याने जिल्हा रुग्णालयांत भरतात आणि ही रुग्णालये कोविडच्या उपचारांत गुंतल्यामुळे त्या मंडळांचे काम ठिकठिकाणी खोळंबले. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रासाठी केंद्रीय संगणकीय प्रणालीतूनच अर्ज करणे सक्तीचे झाले. सेवायोजन कार्यालयात जाऊन अधिकाऱ्याला भेटण्याची जुनी पद्धत बंद पडली व तिची जागा संकेतस्थळांनी घेतली. त्यांपैकी अनेकांवर अर्जदार मनुष्यच आहे, हे पडताळण्यासाठी चित्रातील वेडीवाकडी अक्षरे ओळखावी लागतात. अंध उमेदवार या पहिल्याच पायरीवर अडतो. सुशिक्षित अपंगांचे मुख्य लक्ष्य असलेल्या स्पर्धा परीक्षाही लांबत गेल्या. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची ५ एप्रिल २०२० रोजी ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा वारंवार पुढे ढकलली जाऊन अखेर २१ मार्च २०२१ रोजी झाली. या विलंबाचा फटका सर्वच उमेदवारांना बसला. परंतु अंध वा हाताने लिहू न शकणाऱ्या उमेदवाराला लेखनिकही मिळवावा लागतो. स्वतः आणलेल्या लेखनिकाची शैक्षणिक पात्रता उमेदवाराहून एक पायरी कमी असावी, असा त्या वेळी नियम असल्याने तो बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी असे. महाविद्यालये बंद, वसतिगृहे रिकामी आणि दोन-तीन तास शेजारी बसून हळू आवाजात बोलणे हीच संसर्गाची रीत. अशा वेळी लेखनिक कोठून आणावा? याच काळात, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. लेखकाकंप या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या उमेदवाराचे अपंगत्व चाळीस टक्के भरत नसले, तरी त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. रास्त सोय ही कृपा नसून समानतेच्या हक्काचा भाग आहे, ही भूमिका त्यातून स्पष्ट झाली.

अर्थसाहाय्याविषयी थोडक्यात सांगता येईल. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये वृद्ध, विधवा व अपंग निवृत्तिवेतनधारकांना तीन महिन्यांसाठी मिळून एक हजार रुपये दोन हप्त्यांत देण्याचे जाहीर केले. केंद्रीय अपंग निवृत्तिवेतन दरमहा तीनशे रुपये असून ते दारिद्र्यरेषेखालील, ऐंशी टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांपुरते मर्यादित होते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्या काळी दरमहा एक हजार रुपये मिळत. चाळीस ते ऐंशी टक्क्यांमधील अपंग, जो प्रत्यक्षात काम करीत होता व ज्याचे काम गेले, तो केंद्रीय साहाय्यातून वगळला गेला. रेल्वेने मार्च २०२० मध्ये बहुतेक सर्व भाडेसवलती स्थगित केल्या, तेव्हा अपंगांच्या सवलती कायम ठेवल्या, हे मात्र सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील आकड्यांवरून या घडामोडींचा एकत्रित परिणाम कसा होतो, याची कल्पना येते. तेथे अपंगांतील बेकारी २०१९ मध्ये ७·३ टक्के होती, ती २०२० मध्ये १२·६ टक्के झाली. इतरांत ती ३·५ वरून ७·९ टक्क्यांवर गेली. काम असलेल्या अपंगांचे प्रमाण १९·३ वरून १७·९ टक्क्यांवर घसरले. त्यानंतरचा प्रवास मात्र अनेकांना अनपेक्षित होता. हे प्रमाण २०२१ मध्ये १९·१, २०२२ मध्ये २१·३ व २०२३ मध्ये २२·५ टक्के झाले. मोजणी सुरू झाल्यापासूनचा तो तोपर्यंतचा उच्चांक होता. पूर्वीच्या मंदीनंतर सर्वांत शेवटी कामावर घेतले जाणारे अपंग या वेळी लवकर परतले. घरून कामाची सोय व मनुष्यबळाची टंचाई ही त्याची दोन प्रमुख कारणे सांगितली जातात. तिसरे कारण कमी आनंददायक आहे. कोविडनंतर दीर्घकाळ थकवा, श्वासकष्ट वा स्मृतिदोष जडलेले अनेक कर्मचारी नोकरीत असतानाच अपंगांच्या संख्येत दाखल झाले. जुलै २०२१ मध्ये अमेरिकन शासनाने अशा दीर्घ कोविडला कायद्याच्या दृष्टीने अपंगत्व मानता येईल, असे स्पष्ट केले. तेव्हा या वाढीचा काही भाग नवे काम मिळालेल्या जुन्या अपंगांचा, तर काही भाग जुने काम असलेल्या नव्या अपंगांचा आहे. त्यामुळे या उच्चांकाकडे केवळ प्रगती म्हणून पाहणे योग्य होणार नाही. शिवाय त्या उच्चांकाच्या वर्षीही दर शंभरांतील ७७ अपंगांना काम नव्हतेच. अर्थात त्यांत वृद्धांचा वाटा मोठा आहे.

भारतात अशी मासिक वा वार्षिक मालिका महामारीच्या काळात नव्हती. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना महामारीमुळेच लांबली आणि पुढे तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरविण्यात आला. केंद्र शासनाच्या कार्यालयांत ७ फेब्रुवारी २०२२ पासून सर्व कर्मचाऱ्यांची पूर्ण उपस्थिती कोणत्याही सवलतीविना पुन्हा सुरू झाली व अपंग कर्मचाऱ्यांची सूटही तेव्हा संपुष्टात आली. खाजगी क्षेत्रातील अनेक कंपन्यांनीही यथावकाश कर्मचाऱ्यांना परत बोलाविले. काम व अर्ज यांचे संगणकावर झालेले स्थलांतर मात्र टिकून राहिले. त्यातील अडथळ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या निर्णयात अंकीय सेवा सुलभतेने वापरता येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. त्या खटल्यातील प्रश्न बँकेचे खाते उघडताना डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविण्याच्या सक्तीचा होता. आम्लहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या स्त्रीला ती सक्ती पाळणे शक्य नव्हते, आणि खात्यावाचून पगारही घेता येत नाही.